शिवणकाम सुरू करताय? आधी वही घ्या, मग मशीन



शिवणकामावर व्हिडिओ टाकला की एक प्रश्न हमखास येतो. "सर, कोणती मशीन घेऊ?" खरं सांगू का, या प्रश्नाच्या पोटात दुसराच प्रश्न असतो. "माझ्याकडे एवढेच पैसे आहेत. ते अडकून तर पडणार नाहीत ना?" आजचा धडा त्या दुसऱ्या प्रश्नासाठी आहे.

आमच्या प्रशिक्षणाला एक ताई यायच्या. तालुक्याच्या गावी राहणाऱ्या, हात अतिशय साफ. बचत गटातून चाळीस हजारांचं कर्ज काढलं आणि दुकानदाराने दाखवलेली सगळ्यात भारी मशीन घेऊन आल्या. वीस-बावीस प्रकारची टीप, काज, पिको, थोडी एम्ब्रॉयडरी, सगळं एकीत. सहा महिन्यांनी मी विचारलं, "ताई, यातल्या किती टिपा वापरता?" त्या हसल्या. म्हणाल्या, "एकच. सरळ."

त्यांच्याकडे येणारं काम होतं ब्लाऊज, पेटीकोट, शाळेच्या गणवेशाची उंची कमी करणं आणि जीन्सची खालची पट्टी. जीन्सच्या चार थरांवर ती नाजूक मशीन अडायची. कात्री मात्र घरातलीच, भाजीच्या पिशव्या कापणारी. इस्त्री जुनी, चटके देणारी. त्यामुळे ब्लाऊज शिवून व्हायचा, पण गिऱ्हाइकाच्या हातात देताना तो नवा वाटायचा नाही. हप्ता मात्र दर महिन्याला बरोबर तारखेला यायचा.

चूक मशीनची नव्हती, ताईंचीही नव्हती. मशीन आधी ठरली आणि काम नंतर शोधलं, एवढंच झालं. आपण उलटं जाऊ या. आधी काम, मग त्या कामाला लागेल ते सामान.

पहिली पायरी: पंधरा दिवसांची वही

दहा-वीस रुपयांची वही घ्या. पंधरा दिवस मशीनच्या दुकानात पाऊल टाकायचं नाही. घरी कोणाची जुनी मशीन असेल तर तीच वापरा. नसेल तर फक्त विचारपूस करा. शेजारी, नातेवाईक, बचत गट, शाळेच्या दारात भेटणाऱ्या आया. "शिवायला काय देता? कुठे देता? किती पैसे देता? किती दिवसांनी मिळतं?"

वहीत पाच रकाने पाडा:

१. काम काय (अस्तराचा ब्लाऊज, साधा ब्लाऊज, फॉल-पिको, ड्रेस, अल्टर)
२. महिन्याला साधारण किती वेळा
३. आपल्या भागात मजुरी किती
४. त्या कामाला कोणती टीप किंवा कोणतं यंत्र लागतं
५. गिऱ्हाईक सध्या कशावर नाराज आहे

पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. बहुतेक ठिकाणी तिथे "डिझाइन नाही" असं येत नाही. तिथे येतं, "वेळेवर देत नाही", "काखेत घट्ट होतो", "गळा सरकतो", "सांगितलं एक, शिवलं एक". यातली एकही तक्रार महागड्या मशीनने सुटत नाही. ती माप, कटिंग आणि शब्द पाळण्याने सुटते.

चौथा रकाना भरताना तुमच्या लक्षात येईल की घरगुती शिवणकामाचा बहुतांश भाग सरळ टिपेचा असतो. बाह्या जोडणं, टक्स, अस्तर, पाइपिंग, बाजूची शिवण, नेफा. सगळी सरळ टीप. म्हणून पहिल्या मशीनची परीक्षाही एकच. ती जाड आणि पातळ अशा दोन्ही कापडांवर स्वच्छ, सारखी, सरळ टीप घालते का?

दुसरी पायरी: मशीनच्या आधीचं सामान

गंमत अशी की बजेटमध्ये मशीनला पहिला नंबर मिळतो आणि बाकी सामानाला उरलेली चिल्लर. पण फिटिंग बिघडतं ते बऱ्याचदा या "चिल्लर" सामानामुळे. आधी हे घ्या, आणि चांगलं घ्या.

कात्री: कापडासाठी एक मोठी, नऊ-दहा इंची, वजनदार. तिने कागद कापायचा नाही, अगदी मुलांनी मागितली तरी नाही. कागदाने धार लवकर जाते. पेपर कटिंगसाठी वेगळी, स्वस्त कात्री ठेवा. धागे तोडायला छोटी क्लिपर.

टेप: नवी टेप घेतली की स्टीलच्या पट्टीला लावून बघा. वापराने टेप ताणली जाते आणि मग छत्तीसचं माप छत्तीस राहत नाही. दर काही महिन्यांनी पुन्हा तपासा. टेप बदलणं हा सगळ्यात स्वस्त "फिटिंगचा उपाय" आहे.

इस्त्री: हे वाचून अनेक जण थांबतात. इस्त्री शेवटी घडी घालताना करायची गोष्ट आहे असं आपल्याला वाटतं. प्रत्येक शिवण घातल्यावर लगेच ती दाबून घ्या, पुढची शिवण आपोआप जागेवर बसते. घरची इस्त्री चालेल, पण तिचा तळ स्वच्छ हवा आणि तापमान कमी-जास्त करता यायला हवं. रेशीम आणि सिंथेटिकसाठी मध्ये सुती फडकं ठेवा.

सुया: घरगुती काळ्या मशीनची सुई वरच्या टोकाला एका बाजूने चपटी असते. कारखान्यातल्या मशीनची सुई वर पूर्ण गोल असते. एकीची दुसरीत चालत नाही, म्हणून दुकानात जाताना जुनी सुई सोबत न्या. पातळ कापडाला ११ नंबर, नेहमीच्या सुती कापडाला १४, जाड कापडाला १६ किंवा १८. टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाला बॉल पॉइंट सुई लागते. टीप सुटते म्हणून मिस्त्रीला बोलावण्याआधी सुई बदलून बघा. कित्येकदा तेवढ्यानेच काम होतं.

उजेड आणि जागा: सुईवर थेट पडणारा छोटा दिवा घ्या. संध्याकाळी काळ्या कापडावर काळी टीप घालून बघा, मी काय म्हणतो ते कळेल. कटिंगसाठी टेबल नसेल तर पलंगावर प्लायचा तुकडा टाका. कमरेत वाकून रोज चार तास कटिंग केलं तर धंद्याआधी पाठ बसेल.

याशिवाय खडू, टाचण्या, उसवणी, एल स्केल, गळ्या-मुंढ्यासाठी वळणाची पट्टी, ब्राऊन पेपर, तीन-चार जास्तीच्या बॉबिन आणि मशीनचं तेल. तेल मशीनचंच हवं. खोबरेल घालू नका, ते आत चिकट होऊन बसतं आणि मशीन जड चालते. आणि एक उभा आरसा. गिऱ्हाइकाला घालून बघायला सांगितलं तर तक्रार घरी जाऊन होत नाही, तिथेच मिटते.

तिसरी पायरी: मशीन कोणती?

बाजारात गेलात की साधारण तीन प्रकार समोर येतात.

एक, काळी घरगुती मशीन, पायाची. ती फक्त सरळ टीप घालते, पण वर्षानुवर्षं घालते. सुटे भाग जवळजवळ कुठेही मिळतात, तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला ती उघडता येते, आणि लाइट गेली तरी काम थांबत नाही. दिवाळीच्या आदल्या आठवड्यात या शेवटच्या मुद्द्याची किंमत कळते. पुढे काम वाढलं की तिलाच मोटार बसवता येते. गावात, घरातून, ब्लाऊज-ड्रेस-अल्टरने सुरुवात करणाऱ्या बहुतेकींसाठी माझं उत्तर हेच.

दोन, पोर्टेबल ऑटोमॅटिक मशीन. उचलून कपाटात ठेवता येते, झिगझॅग आणि काज करते. ज्यांच्याकडे जागा खरंच कमी आहे, किंवा ज्या लहान मुलांचे कपडे, पिशव्या, कुशन कव्हर अशी हलकी कामं करणार आहेत त्यांना सोयीची. पण यातल्या बऱ्याच मशीन घरच्या वापरासाठी बनवलेल्या असतात. रोज आठ तास, जाड कापड, असा मारा त्यांना सोसत नाही. शिवाय दुरुस्तीला कंपनीचंच सर्व्हिस सेंटर लागलं तर ते तुमच्यापासून किती लांब आहे, हे आधी विचारा.

तीन, कारखान्यातली सिंगल निडल मशीन. लोक तिला नुसतं "जुकी" किंवा "जॅक" म्हणतात, ती खरं तर कंपन्यांची नावं आहेत. हिचा वेग मिनिटाला चार-पाच हजार टाक्यांपर्यंत जातो. घरगुती मशीन हजाराच्या आसपास थांबते. पण वेग तुमच्या हाताला पेलायला हवा. ब्लाऊजच्या गळ्याच्या वळणावर सुरुवातीला कोणीही वेगात जात नाही. ही मशीन शोभते ती एकसारख्या मालाच्या ऑर्डरला: गणवेश, नाइटी, पिशव्या, पेटीकोट डझनाने. घ्यायचीच तर मोटार सर्व्हो घ्या. जुन्या पद्धतीची क्लच मोटार तुम्ही शिवत नसतानाही फिरत राहते, आवाज करते आणि वीज खाते. सर्व्हो पाय दाबला तरच फिरते, आणि तिचा वेग कमी करून ठेवता येतो.

जुनी मशीन घेऊ का?

जरूर घ्या, पण तपासून. दुकानात जाताना स्वतःचं कापड आणि स्वतःचा दोरा न्या. दुकानदार ज्या कडक कापडावर टीप दाखवतो त्यावर कोणतीही मशीन छानच चालते. तुम्ही चार गोष्टी करा:

१. पातळ अस्तराच्या दोन थरांवर टीप घाला. कापड गोळा होतं का बघा.
२. जीन्सच्या चार थरांवर हाताने चाक फिरवत टीप घाला. कुठे अडते का बघा.
३. कापड उलटून खालची टीप बघा. खाली दोऱ्याचे गुंते नकोत.
४. दोरा काढून टाका, फूट वर उचला आणि चाक नुसतं फिरवा. ते गुळगुळीत फिरायला हवं. खडखड आणि ढिलेपणा जाणवला तर किंमत कमी करून घ्या किंवा सोडून द्या.

शक्य असेल तर तुमच्या भागातल्या मिस्त्रीला सोबत न्या. त्याला दिलेले शे-दोनशे रुपये वाया जात नाहीत. पुढची कित्येक वर्षं तोच तुमचा भागीदार असणार आहे.

चौथी पायरी: बाकीची मशीन कधी?

आता ओव्हरलॉक, पिको, काज-बटण, एम्ब्रॉयडरी. (आपल्याकडे बरेच जण ओव्हरलॉकलाच इंटरलॉक म्हणतात. दुकानात नाव घेण्यापेक्षा "कापडाची कड कापून दोऱ्याने बांधणारी" असं सांगा, घोटाळा होणार नाही.) ही कामं सुरुवातीला बाहेरून करून घ्या. बाजारपेठेच्या बहुतेक गावांत पिको-इंटरलॉकवाला असतोच. अस्तराच्या ब्लाऊजमध्ये तर बऱ्याच कडा अस्तराच्या आत जातात, त्यांना ओव्हरलॉक लागतच नाही.

मग स्वतःची कधी घ्यायची? इथे मनाला विचारायचं नाही, वहीला विचारायचं. एक उदाहरण करू. आकडे समजण्यासाठी घेतलेत, तुमच्या गावचे घाला.

समजा ओव्हरलॉक मशीन ९,६०० रुपयांना आहे. बाहेर एका ब्लाऊजचे १० रुपये जातात. घरी केलं तर दोरा आणि वीज मिळून २ रुपये. म्हणजे एका ब्लाऊजमागे ८ रुपये वाचतात.

महिन्याला ६० ब्लाऊज: वाचले ४८० रुपये. मशीन फिटायला २० महिने.
महिन्याला १२० ब्लाऊज: वाचले ९६० रुपये. मशीन फिटायला १० महिने.

माझा साधा नियम: बारा महिन्यांच्या आत फिटत असेल तर घ्या. नाहीतर बाहेरून करून घ्या आणि पैसे हातात ठेवा.

पण थांबा, यात एक गोष्ट राहिली: तुमचा वेळ. बायका स्वतःच्या वेळेची किंमत लावतच नाहीत. समजा इंटरलॉकसाठी आठवड्यातून तीनदा बाजारात जाता आणि प्रत्येक वेळी एक तास जातो. महिन्याचे बारा तास झाले. एका ब्लाऊजला दोन तास आणि मजुरी १५० रुपये धरली तर बारा तासांत सहा ब्लाऊज, म्हणजे ९०० रुपये. आता ६० ब्लाऊजवालीचा हिशेब बदलला. ४८० अधिक ९००, महिन्याला १,३८०. तीच मशीन सात महिन्यांत फिटते.

मात्र इथे स्वतःला खोटं सांगू नका. हे ९०० रुपये तेव्हाच खरे, जेव्हा वाचलेल्या बारा तासांत शिवायला खरोखर ब्लाऊज पडून आहेत. काम नसताना वाचलेला वेळ म्हणजे उत्पन्न नव्हे. "ऑर्डर परत पाठवावी लागतेय" अशी वेळ लागोपाठ दोन-तीन महिने आली, की समजा मशीनची वेळ आली.

एम्ब्रॉयडरी मशीनला हाच हिशेब दुप्पट कडकपणे लावा. ती लग्नसराईत पळते आणि नंतर बसून राहते. वर्षातले बसलेले महिनेसुद्धा हिशेबात धरा.

कर्ज, हप्ता आणि योजना

मशीन हप्त्यावर विकण्याची पद्धत नवी नाही. अमेरिकेत सिंगर कंपनीने १८५० च्या दशकातच ती सुरू केली, कारण मशीनची पूर्ण किंमत एकदम देणं सामान्य घराला झेपत नव्हतं. हप्ता वाईट नसतो. प्रश्न एवढाच, की हप्ता मशीनच्या कमाईतून जातो की नवऱ्याच्या पगारातून? पहिल्या तीन महिन्यांत काहीच काम आलं नाही तरी तुम्ही भरू शकाल, एवढाच हप्ता घ्या.

सरकारी मदतीचं थोडक्यात:

पीएम विश्वकर्मा योजना सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झाली. तिच्यातल्या १८ पारंपरिक व्यवसायांत शिंपीकाम आहे. प्रशिक्षण, त्या काळात रोज ५०० रुपये विद्यावेतन आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर अशी तिची रचना आहे. पुढे ५ टक्के व्याजाने आधी एक लाखापर्यंत आणि मग दोन लाखांपर्यंत कर्ज मिळू शकतं. एका कुटुंबातून एकाच व्यक्तीला लाभ मिळतो. सध्या अर्ज कसे चालू आहेत हे जवळच्या सीएससी केंद्रात विचारा.

मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५०,००० रुपयांपर्यंतचं कर्ज विनातारण मिळतं. उद्यम नोंदणी मोफत आहे, तिच्यासाठी कोणालाही फी देऊ नका.

महिला व बालकल्याण विभागामार्फत काही जिल्हा परिषदाही शिलाई मशीनसाठी मदत देतात. पंचायत समितीत चौकशी करा.

आणि एक सावधगिरी. "मोफत शिलाई मशीन, आजच लिंकवर क्लिक करा" असे संदेश फोनवर फिरत असतात. अशा नावाने फिरणारे दावे पीआयबी या सरकारी माहिती विभागाने वेळोवेळी खोटे ठरवले आहेत. लिंकवर आधार आणि बँकेची माहिती भरू नका. योजना खरी असेल तर पंचायत समितीत किंवा सीएससीत तिचा पत्ता लागतोच.

योजनेतून मशीन मिळाली तरी हिशेब चुकत नाही, बरं का. फुकट मिळालेल्या मशीनलाही जागा, वेळ आणि गिऱ्हाईक लागतं.

पैसे कसे वाटायचे?

समजा हातात १५,००० रुपये आहेत. माझी वाटणी अशी: साधारण निम्मे मशीनला, नवी किंवा तपासलेली जुनी. एक हिस्सा कात्री, इस्त्री, दिवा, आरसा आणि बाकी सामानाला. एक हिस्सा अस्तर, हूक, दोरे, पाइपिंग या रोज लागणाऱ्या मालाला. आणि निदान दोन-तीन हजार हातात, हातच न लावता. मशीन बिघडेल, कोणाचं कापड चुकून कापलं जाईल, भरून द्यावं लागेल. त्या दिवशी गिऱ्हाइकासमोर मान वर ठेवून "ताई, मी नवीन कापड आणून देते" म्हणता आलं पाहिजे. गावात नाव होतं ते अशाच दिवशी.

सुरुवातीला सांगितलेल्या ताईंचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. त्यांची भारी मशीन अजून घरी आहे, पिकोसाठी. हप्ते त्यांनी फेडले, पण फेडले ते जावेकडून आणलेल्या जुन्या काळ्या पायमशीनवर ब्लाऊज शिवून. आधी एक चांगली कात्री घेतली, मग इस्त्री. आता नव्या मुलींना शिकवताना त्या पहिल्या दिवशी मशीनला हातच लावू देत नाहीत. वही उघडायला लावतात.

या आठवड्याचा गृहपाठ

१. वही घ्या आणि पाच रकाने पाडा.
२. दहा बायकांना भेटा. विकायला नाही, विचारायला.
३. तुमच्या भागातल्या मिस्त्रीला आणि पिको-इंटरलॉकवाल्याला भेटून त्यांचे दर लिहून घ्या.
४. घरातली टेप स्टीलच्या पट्टीला लावून बघा.

पंधरा दिवसांनी वहीतला चौथा रकाना वरून खाली वाचा. कोणती मशीन घ्यायची, ते तिथे तुमच्याच अक्षरात लिहिलेलं असेल.

भेटू पुढच्या धड्यात. पुढचा विषय आहे, मजुरी किती लावायची आणि ओळखीच्यांना "नाही" कसं म्हणायचं. तोपर्यंत कात्रीला धार लावून ठेवा!